नऊ हजारांचा डॅक आणि सहा क्विंटल कापूस

मार्च २०२५ मध्ये आमच्या बैठकीच्या खोलीतला गाण्याचा आवाज बिघडला आणि तो नेमका कशाने बिघडला हे कळायला नोव्हेंबर उजाडला. मधल्या काळात मी नऊ हजार रुपयांचा बाह्य डॅक, म्हणजे गाण्याच्या आकड्यांचा विद्युतसंकेत करणारे वेगळे उपकरण, घेतला, त्याने आवाज सुधारला असे चार जणांना सांगितले, मग ते मलाच खरे वाटेनासे झाले म्हणून मोजमापे केली, आणि शेवटी जिचा संगीताशी काही संबंध असेल असे कधी मनातही आले नव्हते अशा गोष्टीपाशी येऊन थांबलो. स्वस्त स्ट्रीमरला वेगळा डॅक जोडावा का, असे मला अधूनमधून कोणी ना कोणी विचारते. त्याचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात राहतो, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि घरची सहा एकर कोरडवाहू शेती पाहतो. संगीताचा सरंजाम साधा आहे: नागपूरच्या सीताबर्डीतून वीस वर्षांपूर्वी आणलेला अ‍ॅम्प्लिफायर, शेल्फवर बसतील असे दोन स्पीकर, आणि २०२४ च्या दिवाळीत भाच्याने पुण्याहून आणून दिलेला, तळहातावर मावणारा स्ट्रीमर. स्ट्रीमर म्हणजे वाय-फायवरून गाणे उचलून अ‍ॅम्प्लिफायरला देणारी डबी. मोबाइल केवळ रिमोटचे काम करतो. या डबीच्या मागे दोन वाटा आहेत. एक म्हणजे ३.५ मिलिमीटरचे गोल छिद्र, जिथून डबीतल्याच डॅकने तयार केलेला विद्युतसंकेत निघतो. दुसरे चौकोनी ऑप्टिकल तोंड, जिथून गाण्याचे आकडे जसेच्या तसे प्रकाशाच्या रूपात बाहेर पडतात आणि त्यांचा आवाज करण्याचे काम पुढच्या उपकरणावर सोपवले जाते.

सगळा हिवाळा मी पहिल्या वाटेने गाणी ऐकली आणि तक्रारीला जागा नव्हती. मार्चमध्ये मात्र ख्यालामागचा तानपुरा भिंतीवर आपटून परत आल्यासारखा वाटू लागला, गाणारीच्या शब्दांतले 'स' आणि 'श' कानाला टोचू लागले, आणि खंजिरी भजन लावले की खंजिरीच्या झांजा इतक्या कर्कश वाजत की सौभाग्यवती स्वयंपाकघरातून आवाज कमी करायला सांगत. शिवाय दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत एक बारीक घूं ऐकू येई, जी पूर्वी नव्हती. भाच्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मामा, स्ट्रीमर स्वस्तातला आहे, त्यातला डॅक तसाच असणार. बाहेरून डॅक लावून बघा, स्पीकरवरची चादर काढल्यासारखं वाटेल."

डॅकचे काम सांगायला सोपे आहे. सीडीच्या दर्जाच्या संगीतात दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजून ती १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर, लिहून ठेवलेली असते. या आकड्यांपासून पुन्हा सलग, गुळगुळीत विद्युत दाब तयार करणे हे डॅकचे काम. हे काम आजच्या साध्या चिपाही चोख करतात, आणि उत्तम चिप व साधी चिप यांच्या मोजमापांत जो फरक पडतो तो बहुधा ऐकू येण्याच्या पातळीच्या खूप खाली असतो, हे मला वाचून माहीत होते. पण वाचलेले आणि कानाला टोचणारा 'स' यांची झुंज लागली की 'स' जिंकतो. मी डॅक मागवला.

कुरिअरवाला गावात येत नाही. हिंगणघाटला जाऊन पार्सल सोडवून आणले. त्याच संध्याकाळी ऑप्टिकल केबल जोडायला घेतली तर ती काही केल्या आत बसेना. थोडा जोर लावला, थोडे पुटपुटलो, टॉर्चच्या उजेडात तोंड तपासले, आणि अर्ध्या तासाने केबलच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक प्लॅस्टिकच्या बारीक टोप्या तशाच बसलेल्या दिसल्या. विज्ञानाचा शिक्षक असल्यामुळे ही गोष्ट शाळेत सांगितली नाही. टोप्या काढून एक टोक स्ट्रीमरमध्ये खुपसले तेव्हा दुसऱ्या टोकाला गुंजेएवढा लाल ठिपका उजळला. तोशिबा कंपनीने १९८३ साली ही जोडणी सीडी प्लेअरसाठी काढली. तिच्यातून वीज अजिबात जात नाही, केवळ हा तांबडा उजेड जातो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली, पण त्या संध्याकाळी ती माझ्या लक्षात आली नाही.

गाणे सुरू केले आणि खरेच फरक पडला. घूं गेली होती, आवाज भरीव आणि जवळचा वाटत होता, तबल्याच्या बायाँची घुमक पोटाला जाणवत होती. 'स' अजूनही टोचत होता, पण नऊ हजार दिल्यावर माणूस तेवढे पोटात घालतो. भाच्याला कळवले, शाळेतल्या दोन सहकाऱ्यांना घरी बोलावून ऐकवले, त्यांनीही माना डोलावल्या.

शंका आली ती अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणामुळे. एरवी मी आवाजाचे बटण घड्याळातल्या अकरावर ठेवून ऐकत असे आणि आता ते नऊवरच पुरे होत होते. म्हणजे डॅककडून येणारा संकेत मुळातच मोठा होता. दोन आवाजांपैकी किंचित मोठा असलेला आवाज माणसाला मोठा न वाटता चांगला वाटतो, हे ध्वनिशास्त्रातले जुने आणि पक्के निरीक्षण आहे. दुकानदारांना तर ते शास्त्रज्ञांच्याही आधीपासून ठाऊक असावे. तेव्हा दोन्ही वाटांचे दाब मोजल्याशिवाय मला तुलना करण्याचा अधिकारच नव्हता.

मोजायचे कशाने? घरात जो पिवळा मल्टिमीटर आहे, आणि जो आपल्याकडे प्रत्येक वायरमनच्या पिशवीत असतो, त्यावर एसीच्या दोनच रेंज असतात, २०० आणि ७५० व्होल्ट. लाइटची वायर तपासायला त्या ठीक आहेत, पण एक-दोन व्होल्टचा संकेत त्यावर दशांशाच्या पहिल्या घरापर्यंतच दिसतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला २ व्होल्टची एसी रेंज असलेला मीटर मुख्याध्यापकांच्या परवानगीने एका रविवारी घरी आणला. १०० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा सूर स्ट्रीमरवरून वाजवला, कारण साधे मीटर कमी वारंवारतेलाच खरे बोलतात. स्ट्रीमरच्या स्वतःच्या छिद्रातून १.०२ व्होल्ट आले. डॅकची तार लावली तर मीटरने रेंज ओलांडल्याची खूण दाखवली. वरची रेंज घेतल्यावर आकडा दिसला २.०५. दाब दुप्पट म्हणजे सहा डेसिबलचा फरक. एक डेसिबलचा फरकसुद्धा निवाडा बिघडवायला पुरेसा असताना मी सहा डेसिबल मोठा आवाज ऐकून नऊ हजारांचे समर्थन करत होतो.

दोन्ही दाब समान करण्यासाठी हिंगणघाटच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून १० किलोओहमचे दोन प्रीसेट, म्हणजे स्क्रूने कमी-जास्त करायचे छोटे रोध, आणले, डाव्या वाहिनीला एक आणि उजवीला एक, आणि तंबाखूच्या रिकाम्या डबीत ते डकवून डॅकच्या तारेत मधे घातले. प्रीसेटचा स्क्रू केसभर फिरवला तरी आकडा उडी मारतो. दोन्ही वाहिन्या १.०२ वर आणायला चांगला पाऊण तास गेला. मग स्ट्रीमर आणि डॅक अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन वेगळ्या इनपुटना जोडले. माझ्या स्ट्रीमरमधून दोन्ही वाटा एकदम चालू राहतात, त्यामुळे इनपुट निवडायचे बटण फिरवले की लगेच दुसरा आवाज ऐकता येत होता.

आणि घूं परत आली. डॅक लावलेला असतानाही. स्ट्रीमरची जुनी तार पुन्हा जोडल्याबरोबर ती आली, उपटली की गेली. तेव्हा कुठे मी स्ट्रीमरच्या मागे वाकून त्याला वीज कुठून येते ते पाहिले. हिवाळ्यात तो मोबाइलच्या चार्जरवर चालत असे. फेब्रुवारीच्या अखेरीस दाब वाढून तो चार्जर जळाला, आणि शेजारीच डिशचा सेट-टॉप बॉक्स होता म्हणून मी स्ट्रीमर त्याच्या यूएसबीला लावून मोकळा झालो होतो. सेट-टॉप बॉक्सची जमीन, म्हणजे अर्थिंगची जोडणी, डिशच्या केबलमधून गच्चीवरच्या लोखंडी खांबाला आणि तिथून घराच्या सळ्यांना मिळालेली. अ‍ॅम्प्लिफायरची जमीन तीन पिनी प्लगातून अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्याला मिळालेली. सगळ्या तारा सोडवून दोघांच्या पत्र्यांमध्ये मीटर धरला तर एसीचे तीन व्होल्ट दिसले. आमच्या काळ्या मातीला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मीठ-कोळशाचा खड्डा कोरडाठण्ण होतो, आणि मग अर्थिंग नावापुरते उरते. या दोन जमिनींमधला प्रवाह गाण्याच्या तारेच्या जाळीतून वाहत होता आणि तोच घूं करत होता. ऑप्टिकल केबलने तो रस्ता तोडला म्हणून घूं गेली होती. त्यात डॅकच्या चिपेची काही करामत नव्हती, लाल ठिपक्याची होती.

दीडशे रुपयांचा दोन पिनी चार्जर आणून स्ट्रीमर त्यावर टाकला. डॅकशिवायही घूं बंद झाली. खड्ड्यात चार बादल्या पाणीही ओतले, कारण अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिणी येत असे आणि ते काही संगीतापुरते धोक्याचे नव्हते.

आता राहिला तो खरा प्रश्न, की घूं नाही आणि पातळी समान, मग दोन डॅकांमध्ये फरक ऐकू येतो का. दिवसा ही परीक्षा घेण्यात अर्थ नव्हता. विदर्भातल्या जून महिन्यात कूलर बंद करून गाणे ऐकणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि आमच्या पत्र्याच्या कूलरसमोर मोबाइलवरचे अ‍ॅप ६० डेसिबलच्या आसपास आकडा दाखवते. ते अ‍ॅप अचूक नसते हे मान्य करूनही, पहाटे पाच वाजता कूलर-पंखा बंद असताना तेच अ‍ॅप ३४-३५ दाखवत होते. गाण्याची उंच जागा ८५ पर्यंत जाते असे धरले तरी आमच्या खोलीत संगीताला मिळणारी जागा पहाटे पन्नास डेसिबल आणि दुपारी पंचवीस. १६ बिटांच्या संगीताला लागणाऱ्या ९६ डेसिबलच्या ती जवळपासही जात नाही. डॅकच्या चोखपणाचा जो भाग या खोलगटीच्या तळाशी असतो, तो कूलरच्या पाण्याखाली बुडालेला असतो.

म्हणून पहाटे. अ‍ॅम्प्लिफायरपाशी सौभाग्यवती, हातात नाणे आणि जुन्या हजेरीपत्रकाचा कोरा कागद. मी पाठ करून पलंगावर. छापा आला की स्ट्रीमर, काटा आला की डॅक. बटणाच्या कट्-कट् आवाजावरून मला सुगावा लागू नये म्हणून दर वेळी तिने बटण एकदा शेवटपर्यंत फिरवून मग हव्या त्या जागी आणायचे, असे ठरले. एकूण सोळा फेऱ्या. सोळापैकी बारा बरोबर आल्या तर तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता चार टक्क्यांच्या खाली जाते, म्हणून बारा ही उत्तीर्ण होण्याची रेषा मी आधीच लिहून ठेवली होती. नंतर रेषा सरकवण्याचा मोह मला माझ्या विद्यार्थ्यांइतकाच होतो.

पहिल्या चार फेऱ्यांत मी ठामपणे उत्तरे दिली. तानपुऱ्याची खर्जाची तार एकात जास्त उलगडते असे मला स्पष्ट जाणवत होते. सातव्या-आठव्या फेरीपासून ठामपणा गेला, आणि बाराव्या फेरीत मी चक्क अंदाज करत होतो. "काहून जी, हेच गाणं अजून किती वेळा लावसान? चहा थंडा होऊन राह्यला," असा मागून आवाज आला तरी सोळा पुऱ्या केल्या. बरोबर आलेली उत्तरे नऊ. आणि ज्या पहिल्या चार फेऱ्यांची मला पूर्ण खात्री होती, त्यांतल्या दोन चुकल्या होत्या. हे वाचताना जेवढे साधे वाटते तेवढे ते सोसायला सोपे नव्हते. आपल्या कानांनी आपल्याला खोटे पाडले की काही काळ संगीत ऐकावेसेच वाटत नाही.

पोळ्याला भाचा आला. त्याचे वय पंचवीस, कान माझ्यापेक्षा तरुण, आणि डॅक ही त्याचीच शिफारस असल्याने तो इरेला पेटलेला. त्याने स्वतःच्या मोबाइलमधली स्वतःची गाणी निवडली. त्याची दहा आली. तो म्हणाला, "मामा, तुमचा अ‍ॅम्प्लिफायर जुना आहे, त्यात फरक दिसत नसेल." हे अगदी अशक्य नाही, पण या वाटेने गेले की डॅकनंतर अ‍ॅम्प्लिफायर, अ‍ॅम्प्लिफायरनंतर स्पीकर असे एकेक बैल बदलत जावे लागते आणि नांगर कुठे अडला आहे ते कोणी पाहत नाही. बाहेरचा डॅक कधीच उपयोगाचा नसतो असे मात्र मी त्यालाही म्हणालो नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या ज्या बोर्डांवर ३.५ मिलिमीटरचे छिद्र असते, तिथे स्वतंत्र डॅक चिप नसतेच, आवाज पल्सची रुंदी कमी-जास्त करून काढला जातो. तिथे बाहेरचा डॅक लावल्यावरचा फरक ऐकायला पहाटे उठावे लागत नाही. अ‍ॅम्प्लिफायरला पुरेसा आवाज काढता येत नाही इतका स्ट्रीमरचा दाब कमी असेल, किंवा अवघड हेडफोन चालवायचा असेल, तिथेही पैसे सत्कारणी लागतात. माझ्याकडे यांतले काहीच नव्हते.

पण 'स' टोचतच होता. स्ट्रीमरच्या वाटेनेही आणि डॅकच्या वाटेनेही, सारखाच.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दुसरी वेचणी झाली. भाव पडलेले होते, म्हणून दरवर्षीप्रमाणे कापूस घरात भरला. आमच्याकडे ज्यांच्याजवळ गोदाम नाही ते सगळे हेच करतात. बैठकीतला पलंग सरकवतात आणि कोपऱ्यात कापसाची छातीएवढी रास लावतात, मग दोन-तीन महिने घरातल्या प्रत्येकाच्या कपड्याला पांढरे तंतू आणि अंगाला खाज. त्या रात्री सहा क्विंटल कापूस भरून, हात-पाय धुऊन, दमून बसलो आणि सवयीने गाणे लावले. 'स' टोचला नाही. तानपुरा भिंतीवरून परतला नाही. खंजिरीच्या झांजा वेगवेगळ्या मोजता याव्यात इतक्या सुट्या वाजल्या. मी उठून डॅकवरून स्ट्रीमरच्या वाटेवर आलो, तेच. पुन्हा डॅकवर, तेच. स्वयंपाकघरातून या वेळी कोणी काही म्हणाले नाही, आणि ती साक्ष मला सोळा फेऱ्यांपेक्षा मोठी वाटली.

मागच्या वर्षीचा कापूस आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी जिनिंगला, म्हणजे सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, नेला होता. चार्जरही त्याच आठवड्यात जळाला होता. दोन्ही गोष्टी एकदम घडल्या, आणि मी दोन्हींचे खापर एका निरपराध डबीवर फोडले.

खोली बारा बाय चौदा फूट, उंची दहा फूट. म्हणजे साधारण साडेसत्तेचाळीस घनमीटर. खाली फरशी, वर स्लॅब, चहूकडे सिमेंटचा गिलावा. वॉलेस सबाइन या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकाने १८९५ साली एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात रात्री-रात्री दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या वाहून नेल्या, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजले, आणि त्यातून सूत्र काढले: घनफळाला ०.१६१ ने गुणायचे आणि खोलीच्या एकूण शोषणाने, म्हणजे खोलीतले पृष्ठभाग मिळून जेवढा आवाज गिळतात त्याने, भागायचे. माझ्या रिकाम्या खोलीचे शोषण पाच चौरस मीटर धरले तर आवाज पुरता विरायला दीड सेकंद लागतो. कापसाच्या राशीचा उघडा पृष्ठभाग आठ चौरस मीटर आणि तो ऐंशी टक्के आवाज गिळतो असे धरले तर हाच काळ पाऊण सेकंदाच्याही खाली येतो. हिशेब ढोबळ आहे, पण टाळी वाजवून कोणालाही पडताळता येतो: रिकाम्या खोलीत टाळीला 'ट्रर्र' अशी शेपटी असते, कापूस भरलेल्या खोलीत टाळी म्हणजे नुसती टाळी. 'स'मधली वरच्या पट्टीची वारंवारता तंतूंच्या गुंत्यात सर्वांत आधी अडकते आणि घर्षणाने जिरते. सरकीसकट कापूस असला तरी तंतू ते तंतूच. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे डॅकच्या किमतीत सव्वा क्विंटलाहून थोडा कमी कापूस आला असता, आणि तो नंतर विकताही आला असता.

डॅक मी डिसेंबरमध्ये शाळेला देऊन टाकला. प्रार्थनेच्या वेळी जो जुना संगणक वाजवतात, त्याच्या हेडफोनच्या छिद्रातून माउस हलवला तरी किर्रकिर्र ऐकू येई. मागे ऑप्टिकल तोंड होते, ते कोणी कधी वापरले नव्हते. तिथे डॅक लावल्यावर शिपायाने दुसऱ्याच दिवशी विचारले, "सर, नवीन बॉक्स आणले का जी?"

घरी या वर्षी कापूस जाण्याआधी वीस किलो रुई बाजूला काढली आणि पिंजाऱ्याकडून दोन गाद्या भरून घेतल्या. स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे ओढले आहेत आणि समोरच्या भिंतीला या गाद्या उभ्या टेकवल्या आहेत. टाळीची शेपटी पुरती गेलेली नाही, बरीच आखूड झाली आहे. पाहुणे आले की मात्र सौभाग्यवती त्या गाद्या आडव्या करून त्यांवर पाहुण्यांना बसवते, आणि तोवर गाणे लावायचे नाही असे ठरले आहे.